निमोणकर सरांची पानगळ

संगमनेरात पानगळ नावाचा ऋतू होता, आणि तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चित्रकला महाविद्यालयाचा जिना चढून वर येत असे. अंगात कॉफी रंगाचं जाड जाकीट, गळ्याला मफलर, आणि बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. या ऋतूचं नाव निमोणकर सर. ते कलेचा इतिहास शिकवत. मी त्याच कॉलेजात स्थिरचित्र शिकवतो. म्हणजे दोन वांगी, एक बाटली, मागे घड्या पडलेलं कापड. सरांच्या मते माझा विषय चित्रकलेत येत नव्हता, मंडईत येत होता. हे ते माझ्या तोंडावर म्हणत आणि वर माझ्याकडूनच पेन मागून घेत.

महाविद्यालय हा शब्द ऐकून कुणी दबून जाऊ नये. खतांच्या दुकानावर चार खोल्या, त्यावर पत्रे, आणि दारात एका हाताचा अंगठा तुटलेला प्लॅस्टरचा ग्रीक पुतळा. खालून युरियाचा वास येतो, वर आम्ही सौंदर्यशास्त्र शिकवतो. इथून बाहेर पडलेली पोरं शाळांमध्ये चित्रकलेचे शिक्षक होतात आणि पुढची पोरं बिघडवतात. या सगळ्यात निमोणकर सर स्वतःला चुकून इथे उतरलेला प्रवासी समजत. त्यांची गाडी युरोपला जायची होती, ड्रायव्हरने संगमनेरला उतरवलं, असा त्यांचा चेहरा असे.

युरोप त्यांनी पाहिला नव्हता. पुण्याच्या पलीकडे ते फारसे कधी गेले नव्हते. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या जर्मन आणि इंग्रज निसर्गचित्रकारांबद्दल ते असे बोलत, की जणू काल संध्याकाळी नदीकाठी गाठ पडली होती. त्यातही त्यांचा जीव पानगळीवर. त्यांचं म्हणणं असं, की या रोमँटिक मंडळींनी देव चर्चमधून काढला आणि रानात नेऊन ठेवला. त्यानंतर झाड हे नुसतं झाड राहिलं नाही. पानं झडलेला ओक म्हणजे म्हातारपण. पडका मठ म्हणजे सरलेली श्रद्धा. धुकं म्हणजे पुढचं न दिसणं, मावळतीचा तांबूस उजेड म्हणजे निरोप. आणि या सगळ्याकडे बघत आपल्याकडे पाठ करून उभा असलेला एकटा माणूस म्हणजे तुम्ही-आम्ही. वसंत हे बालपण, उन्हाळा तारुण्य, हिवाळा मरण, आणि त्या मरणाची चाहूल लागण्याचा काळ ती पानगळ. "शहाणपण फक्त याच ऋतूत येतं," असं ते सांगत आणि मफलर नीट करत.

ऐकायला हे बरं वाटतं. अडचण एवढीच, की ऐकणारी पोरं अकोले, राहाता, पारनेरकडची. त्यांच्या घरी आश्विनात बाजरीची कापणी चालू असते, झेंडू तोडायचा असतो, प्रवरेकाठचा ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. आमच्याकडे त्या दिवसांत मरण आठवायला कुणाला सवड नसते. पानं गळतात ती माघ-फाल्गुनात, आणि तेव्हा इकडे पळस असा फुललेला असतो की उदास होऊ म्हटलं तरी होता येत नाही. हे मी सरांना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, की तुमच्या ऋतूंना विचार नाही, नुसती कामं आहेत.

हिरव्या रंगाशी तर त्यांचं वैरच होतं. हिरवा हा विचार न करणारा रंग, असं त्यांनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं आणि पुसू दिलं नव्हतं. चहा कोरा पीत, कारण दुधाने त्याचा रंग जातो. दुधावर चालणाऱ्या गावात कोरा चहा मागणारे ते एकटेच होते, कॅन्टीनवाला त्यांना आजारी समजत असे. वर्गात ते निम्मा वेळ मुलांकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत बोलत. पाठ खरं बोलते, तोंड नुसतं बडबडतं, हे त्यांचं आवडतं वाक्य. खिडकीबाहेर टेम्पोत खताच्या गोण्या चढवत असत. सरांना तिथे दरी दिसत असे.

आता हे सगळं वर्गाच्या चार भिंतींत राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण सर दरवर्षी पोरांना निसर्गचित्राला प्रवरेच्या काठी नेत आणि समोर गच्च हिरवं असताना पानगळ रंगवायला लावत. समोर जे आहे ते कुणीही काढतं, म्हणत. पोरं बिचारी मान खाली घालून उसाला तांबडं करत. बाजारपेठेतला रंगांचा दुकानदार दसरा आला की विटकरी रंगाच्या ट्यूबा जास्त मागवून ठेवी. तो मला म्हणाला होता, की सर, तुमच्या कॉलेजात काही आजार हाय का, सगळी एकच रंग नेत्यात.

एका वर्षी या चित्रांचं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला साखर कारखान्याचे एक संचालक आले होते. पांढरे कपडे, कपाळाला गंध, मागे चार माणसं. ते भिंतीच्या कडेकडेने चालत एकेक चित्र बघत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी एका चित्रासमोर थांबून त्यांनी हळूच मला विचारलं, "तांबेरा पडलाय का हो? कुठल्या गटातला ऊस ह्यो?" उसावर पडणाऱ्या रोगाचं ते नाव. मी सांगितलं, की रोग नाही, युरोपातलं उदात्त दुःख आहे. त्यांनी मान डोलावली, पण मागच्या माणसाला शेतकी अधिकाऱ्याला फोन करायला सांगितल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. सरांना हे कळलं तेव्हा ते आठवडाभर खूश होते. अडाण्याला चित्र कळलं नाही म्हणजे चित्र चांगलं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

खर्ड्याच्या किल्ल्याची सहल त्यांनीच काढली आणि त्यांनीच मोडली. त्यांना पडकं काहीतरी हवं होतं, ज्याच्या खिंडारातून मावळता सूर्य दिसेल. खर्ड्याचा तट बघून ते भलतेच नाराज झाले. एवढा धडधाकट उभा आहे, मग बघायचं काय, म्हणाले. पोरांना तासाभरात परत गाडीत बसवलं.

मग राजूर. राजूरकडच्या डोंगरात फाल्गुनात रान खरोखर झडतं, एवढं त्यांनी माझ्या आग्रहावरून मान्य केलं आणि एकदा सगळी वरात तिकडे नेली. मीही गेलो होतो, डबे सांभाळायला. जागा खरोखर सुरेख मिळाली. उतारावर एक मोठं झाड, पान नाही, आणि खाली गुडघाभर पाचोळा. सरांच्या अंगात आलं. त्यांनी पोरांना अर्धगोलात बसवलं, एका लांबुडक्या मुलाला आपलं जाकीट घालून पाचोळ्यात पाठमोरं उभं केलं आणि दीड-दोन तास कुणी बोलायचं नाही असा हुकूम सोडला. पोरांची पेन्सिलीची कामं झाली. रंगांना हात घालणार, तेवढ्यात वरच्या बाजूने एक बाई आली. हातात खराटा, काखेत मोठी पाटी. तिने आमच्याकडे एकदा बघितलं आणि झाडाखालचा पाचोळा झाडायला सुरुवात केली.

सर धावले. तिला सांगायला लागले, की हे असंच राहू द्या, मुलं चित्र काढताहेत. तिने खराटा थांबवला नाही. तिकडे भाताची रोपं टाकायच्या आधी त्या तुकड्यावर पाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. त्यासाठी पाचोळा आधीच गोळा करून ठेवायचा असतो, आणि हे झाड तिच्या वाट्याचं होतं. सर तिला म्हणाले, की या पानांना अर्थ आहे. ती म्हणाली, "व्हय, हाय की. म्हनून तर नेतेय. उद्या दुसरं कुनी नेईल." आणि पाठमोऱ्या मुलाच्या पायाखालून तिने शेवटचा ढीग ओढून घेतला. तासाभरात जमीन लख्ख. पोरांनी चित्रात काय करायचं ते विचारलं. सर जाकीट झटकत म्हणाले, की आठवून काढा. परतीच्या गाडीत जाकीट मांडीवर घेऊन ते उरलासुरला पाचोळा वेचत बसले. मी मात्र हसून हसून दोनदा पाणी प्यायलो.

तर असा हा माणूस. आणि त्याने तीस वर्षं एक पुस्तक लिहिलं. लिहीत होता असं आम्ही सगळे चेष्टेने म्हणत असू, पण ते खरंच पूर्ण झालं. रोमँटिक निसर्गचित्रातील पानगळ, तिचा रंग, तिचा अर्थ. पुण्याच्या एका प्रकाशकाने ते घेतलंही. सरांच्या निवृत्तीच्या समारंभातच त्याचं प्रकाशन करायचं ठरलं. प्राचार्यांनी पत्रिका छापून घेतल्या, सभागृह ठरवलं. सरांना मूलबाळ नाही. चित्रं त्यांनी स्वतःचं शिक्षण संपल्यावर कधी काढली नाहीत. आयुष्यात त्यांच्या हातून काही झालं असेल तर हे एवढं पुस्तक होतं, आणि ते छापून येईल या आशेवर शेवटची दोन वर्षं ते जिना न थांबता चढत होते. हे मलाही दिसत होतं. मी चेष्टा केली तरी आंधळा नव्हतो.

या पुस्तकाचा सगळा डोलारा एका पत्र्याच्या डब्यावर उभा होता. कॉलेज सुरू झालं तेव्हा कुठल्याशा परदेशी वकिलातीने फुकट दिलेला स्लाईडचा डबा; प्रोजेक्टर येईपर्यंत पाच-सात वर्षं तो कपाटात बंद पडून होता. एकेक छोटी फिल्म, कागदी चौकटीत बसवलेली, प्रोजेक्टरमध्ये घातली की भिंतीवर चित्र. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांतली चित्रं काळी-पांढरी, त्यामुळे रंग जो काय होता तो या डब्यात. चौकटींवर बारीक अक्षरात जर्मन मजकूर. सरांना जर्मन येत नव्हतं, त्यांनी स्वतःच चित्रांना मराठी नावं ठेवली होती. बाकी जग मोबाईलवर गेलं तरी सर डब्याला चिकटून राहिले. इंटरनेटवरचं चित्र म्हणजे उष्टं, असं त्यांचं मत. त्यांचा स्वतःचा मोबाईल बटणांचा होता आणि तोही ते वहिनींकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, ठेवून येत.

डब्यातली त्यांची सर्वांत लाडकी स्लाईड म्हणजे 'एकाकी ओक'. माळाच्या मधोमध एक प्रचंड जुना वृक्ष, शेंडा मोडलेला, बुंध्याला टेकून एक मेंढपाळ, मागे डोंगर. सगळं चित्र तांब्यासारखं लाल, आभाळ गुलाबी. पुस्तकातलं मधलं मोठं प्रकरण या एका चित्रावर होतं. ऋतू संपतो आहे, दिवस संपतो आहे, झाड संपतं आहे, आणि मेंढपाळाला ते कळलेलं नाही, अशी त्याची मांडणी. हे सांगताना सरांचा आवाज दरवर्षी एकाच जागी कापत असे. माझा तास त्यांच्यानंतर असायचा, त्यामुळे दाराबाहेर वाट बघत तो कापणारा आवाज मी कितीदा ऐकला असेन. नाटकी वाटायचा.

निवृत्तीच्या वर्षी हा तास दिवाळीनंतर झाला. भिंतीवर एकाकी ओक. सरांचा आवाज त्याच्या नेहमीच्या जागी कापला, आणि तेवढ्यात राजूरकडची सोनाली नावाची मुलगी उभी राहिली. शांत मुलगी, कधी पुढे पुढे करणारी नाही. हातात मोबाईल. ती म्हणाली, "सर, हे झाड हिरवं हाये. त्यांच्या म्युझियमच्या साईटवर हाये. आणि नावात सकाळ लिहिलंय."

सर वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, की मोबाईलवाल्याने रंगवलं असेल, त्यांना हिरवंच आवडतं. मुलगी म्हणाली, की तीन ठिकाणी बघितलं, तिन्हीकडे हिरवंच. मग मात्र सर चिडले. चिडले की ते फार शुद्ध बोलत. फिल्म खोटं बोलू शकत नाही, प्रकाश जसा पडतो तशी ती उमटते, मोबाईलमधला रंग मात्र कुणीही बोटाने बदलतो, असं त्यांनी वर्गाला समजावलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण समोरच्याला हरवून भागत नसे त्यांचं, त्याची हौस पुरी करावी लागे. ते म्हणाले, की याच डब्यात, डबा आला त्याच सुमारास काढलेली, आपल्या कॉलेजच्या उद्घाटनाची स्लाईड आहे. ती लावतो. आपला गाव तुम्हाला ओळखता येतो ना? बघा त्यातले रंग खरे आहेत की खोटे.

मी दारात उभा होतो. ती स्लाईड त्यांनी स्वतःच्या हाताने शोधली, दिव्याकडे धरून सुलट केली, प्रोजेक्टरमध्ये घातली आणि बाजूला झाले.

भिंतीवर आमच्या कॉलेजचं दार आलं. दाराच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या केळी तांबड्या लाल. आंब्याच्या पानांचं तोरण विटकरी. फीत कापायला आलेल्या पुढाऱ्यांची गांधी टोपी गुलाबी. त्यांच्या शेजारी तरुण निमोणकर सर, चेहरा बिटासारखा. पत्र्याखालच्या कपाटात किती उन्हाळे त्या डब्याने काढले, त्यात फिल्ममधला निळा-हिरवा पार उडून गेला होता आणि उरला होता तेवढा तांबडा. संगमनेरच्या मे महिन्यांनी सगळा युरोप भाजून काढला होता.

वर्ग हसला. का नाही हसणार? केळीवर पानगळ आलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. मीही हसलो असतो, पण सरांचा चेहरा दिसत होता. ते त्या केळींकडे बघत होते. मग त्यांनी प्रोजेक्टर बंद केला आणि म्हणाले, "सोनाली, दाखव बघू ते." मुलगी मोबाईल घेऊन पुढे आली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडदा डोळ्यांजवळ नेला, मग दूर धरला. मोबाईल तिला परत दिला. मला म्हणाले, तुमचा तास सुरू करा कानवडे, आणि डबा उचलून निघून गेले.

पुढचे आठ-दहा दिवस ते आणि सोनाली ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसलेले दिसत. ते स्लाईड दिव्यासमोर धरत, ती मोबाईलवर तेच चित्र काढून दाखवी. ती बोलायला घाबरत होती. हिरवं आलं की नुसता मोबाईल पुढे करी. खरी पानगळ असलेली चित्रं होती, नाही असं नाही. पडका मठ आणि झडलेले ओक होते, धुक्यातली एक मिरवणूक होती. पण बाकीच्यांत वसंत होता, भर उन्हाळा होता, गव्हाचं शेत होतं. एका चित्रात तर पावसानंतरचं इंद्रधनुष्य निघालं. स्लाईडमध्ये त्याची फिकट पांढरी कमान उरली होती, आणि सरांनी तिच्यावर आशेचा अस्त म्हणून दोन पानं लिहिली होती. ते कळल्यावर मात्र ते हसले, असं सोनालीने मला सांगितलं. तिला ते हसू बघवलं नव्हतं.

बातमी प्राचार्यांपर्यंत पोचली. आमचे प्राचार्य म्हणजे व्यवहाराचा पुतळा, आणि दारातल्या पुतळ्याप्रमाणेच थोडा तुटका. त्यांनी सरांना बोलावून घेतलं, मलाही बसवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. पत्रिका वाटून झाल्या आहेत. या तालुक्यात ते झाड बघायला जर्मनीला कोण जातंय? पुस्तक येऊ द्या, शाल-श्रीफळ घ्या, फोटो निघतील. मला प्राचार्यांचं बोलणं कधी पटत नाही, त्या दिवशी पटलं. मी सरांना तसं म्हणालोही. पुढच्या तीस वर्षांत पुस्तक कुणी वाचेल असा माझा अंदाजच नव्हता, मग ते चुकीचं असलं काय आणि बरोबर असलं काय.

सर एवढंच म्हणाले, की पुण्याला येता का बरोबर. गेलो. का गेलो सांगता येत नाही, बहुधा शेवट बघायला.

एसटीत ते खिडकीशी बसले. प्रकाशकाच्या ऑफिसात गेल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता, केळींसकट. प्रकाशक तरुण आणि घाईत होता. त्याने ऐकून घेतलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, "अहो सर, मग काळजी कसली? आपण चित्रं काळी-पांढरीच छापतोय. झाड हिरवं की तांबडं, कुणाला दिसणार?"

मी मनात म्हटलं, सुटला. इतका सरळ मार्ग देव कुणाला देत नाही. हस्तलिखिताचं बंडल टेबलावर होतं, नुसती हो म्हणायची खोटी.

सरांनी बंडल स्वतःकडे ओढलं. मग म्हणाले, "म्हणजे रंग त्यांना मीच सांगणार. आणि ते माझ्यावर विश्वास ठेवणार." प्रकाशक म्हणाला, की हो, लेखकावर विश्वास ठेवतातच. "तेच तर तीस वर्षं चाललंय," सर म्हणाले आणि बंडल उचलून पिशवीत घालायला लागले. पिशवीत ते मावत नव्हतं. अर्धं मी घेतलं.

परतीच्या वाटेवर मला वाटलं होतं माणूस कोसळेल. तसं काही झालं नाही. नारायणगावला गाडी थांबली तेव्हा त्यांनी वडापाव खाल्ला आणि तो थंड असल्याबद्दल विक्रेत्याला चार शब्द सुनावले. मग एसटीच्या सीटला नावं ठेवली, प्रकाशकाच्या ऑफिसातल्या कॅलेंडरला नावं ठेवली. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला, आणि त्याचा राग आला. इतकी वर्षं ज्याची टर उडवण्यात माझे दिवस मजेत गेले, त्याने ऐन वेळी असं वागून माझी पंचाईत केली होती. मी असतो तर पुस्तक छापलं असतं. हे मला मांडीवरचं ते बंडल सांभाळत स्पष्ट कळत होतं.

निवृत्तीचा समारंभ झाला. प्रकाशन रद्द झाल्याचं प्राचार्यांनी काही तांत्रिक अडचणीमुळे असं सांगितलं. सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, अडचण तांत्रिक नाही, पुस्तक चुकलेलं आहे. लोकांना तो विनय वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग भाषणं झाली. खालच्या खतवाल्यानेही एक केलं आणि ते सगळ्यांत बरं होतं. शेवटी विद्यार्थ्यांनी भेट दिली. रंगीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी मोठं, दोघांनी धरून आणलेलं. सरांनी कागद काढला. आत त्या ओकचं चित्र होतं, पुण्याहून मोठ्या आकारात छापून आणलेलं, चौकटीत घातलेलं. गवत हिरवं, झाड हिरवं, डोंगरांवर सकाळचा उजेड.

मला संताप आला. वाटलं, ही कार्टी जाता जाता त्याच्या जखमेवर मीठ चोळतायत. सोनालीकडे बघितलं तर ती रडत होती. पोरांनी ते खरंच प्रेमाने आणलं होतं, त्यांना बिचाऱ्यांना दुसरं काही सुचलं नव्हतं. सरांनी चित्र टेबलाला टेकवून उभं केलं, ते सगळ्यांना दिसेल असं वळवलं, आणि आभार मानून खाली बसले.

त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो नाही. कॉलेजात त्यांच्या जागी एक तरुण मास्तर आले, ते सगळं लॅपटॉपवर शिकवतात आणि पोरं सगळं मोबाईलवर बघतात, त्यामुळे कुणाला कुणाची गरज नाही. रंगवाल्याच्या दुकानात विटकरी ट्यूबा पडून आहेत. चैत्रात एका कामासाठी निमोणकर सरांच्या कॉलनीत जाणं झालं, तेव्हा म्हटलं डोकावून यावं.

दार वहिनींनी उघडलं. म्हणाल्या, "या की भाऊजी. बसलेत बघा त्याच्या पुढ्यात. देवासमोर कधी एवढे बसले नाहीत."

बैठकीच्या खोलीत समोरच्या भिंतीवर ते चित्र लावलं होतं. समोर खुर्ची, खुर्चीत सर. अंगात साधा सदरा. माझ्याकडे बघून बसा म्हणाले आणि पुन्हा चित्राकडे वळले. मी कॉलेजच्या चार गोष्टी सांगितल्या, त्यांनी हूं हूं केलं. लॅपटॉपवाल्या मास्तरांना दोन शिव्या द्याव्यात म्हणून मी त्यांना जरा टोचूनही पाहिलं. त्यांनी दिल्या नाहीत. शेवटी न राहवून मी विचारलं, की आवडायला लागलं का हे.

"नाही," ते म्हणाले. "हे तेव्हा असं हिरवं दिसलं असतं, तर मी याच्याकडे वळूनही पाहिलं नसतं. ज्याला मी जीव लावला ते कुणी काढलंच नव्हतं, कानवडे. ते कपाटात झालं."

मी म्हटलं, मग रोज याच्यासमोर कशाला बसता?

 वहिनींनी चहा आणला, तो त्यांनी नजर न काढता हातात घेतला.

"हे त्या चित्रकारानं काढलेलं आहे," ते म्हणाले. "मी अजून पाहिलेलं नाही. पाहतोय."